घाटाच्या गाडीचा रेडिएटर

कुंभार्ली घाट चढताना ट्रक तापतो, म्हणून नवा रेडिएटर टाकायचा तुझा विचार आहे. टाक, पण बाळा, दुकानात जाण्याआधी एक-दोन दिवस मी सांगतो तसं गाडीपाशी घालव. जुन्या गाडीला तापायला बरीच कारणं असतात आणि रेडिएटर हे त्यातलं एक. तो सगळ्यांच्या नजरेसमोर असतो, म्हणून पहिला आळ त्याच्यावर येतो.

आधी हे बघ की गाडी नेमकी तापते कधी. बाजारात, टोलनाक्याच्या रांगेत उभी असताना काटा चढतो आणि रस्त्याला लागली की उतरतो, तर दोष वाऱ्याचा. पट्टा ढिला असेल, पंख्याची पाती वाकली असतील, नाहीतर पंख्याभोवतीचं काऊल फुटलेलं असेल. उलट रिकामी गाडी सपाट हायवेला पळवली तरी काटा चढतच राहतो, तर वारा भरपूर आहे पण पाणी फिरत नाही. तिथं रेडिएटरच्या नळ्या, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि थर्मोस्टॅट यांच्याकडं बघायचं. भरल्या गाडीनं घाट चढताना दोन्हींची एकदमच परीक्षा होते, कारण इंजिन सगळा जोर लावत असतं आणि गाडी माणसाच्या चालीनं जात असल्यानं समोरून वारा असा मिळतच नाही. म्हणून नुसतं ‘घाटात तापते’ एवढं ऐकून कुणी रेडिएटर बदलायला सांगितला, तर लगेच मान डोलावू नकोस.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढ, गळ्यापर्यंत पाणी भर, गाडी चालू कर आणि हळूहळू ॲक्सिलेटर दे. पाण्यातून बुडबुडे येतच राहिले तर हेड पॅकिंगवर संशय घे. झाकण लावून गाडी चालू केल्यावर मिनिटाभरात, पाणी अजून गार असतानाच, वरचा होज पाईप फुगून कडक झाला तर संशयही उरत नाही. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. अशा गाडीला सोन्याचा रेडिएटर लावलास तरी ती पाणी फेकणारच.

खालचा होज पाईप ओढीचा असतो. त्याच्या आत स्प्रिंग असते. ती गंजून गेली असली तर ॲक्सिलेटर वाढवल्यावर पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो आणि पाणी अडतं. क्लीनरला ॲक्सिलेटरवर बसव आणि तू बाजूनं बघ, हात आणि सदरा पंख्यापासून लांब ठेवून. वॉटर बॉडीला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून ठिबकत असेल तर सील गेलं. पुली हातानं हलवून खेळ आहे का ते बघ. आणि गाडी घाटात काळा धूर सोडत असेल तर आधीच्या मालकानं ओढ वाढावी म्हणून डिझेल पंप वाढवून घेतला होता का, ते पंपवाल्याकडून तपासून घे. जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कामाला लागतो, तेवढाच सायलेन्सरवाटे जातो आणि उरलेल्यातला मोठा वाटा पाण्याला उचलावा लागतो. डिझेल जास्त ओतलं की तो वाटाही वाढतो. रेडिएटर मात्र तेवढाच राहतो.

थर्मोस्टॅट काढून फेकलेला असेल, आणि जुन्या गाड्यांत तो बहुधा फेकलेलाच असतो, तर नवा आण आणि बसव. ‘आपल्या गरम मुलखात कशाला हवा’ असं सांगणारे फिटर तुला जागोजागी भेटतील. त्यांचा मान ठेव, पण हे ऐकू नकोस. थर्मोस्टॅट नसला की गाडी सकाळी लवकर तापत नाही, डिझेल जास्त खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची जवळची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, थोडं पाणी रेडिएटरकडं न जाताच परत इंजिनात फिरतं आणि ज्याच्या भीतीनं तो काढला तेच घडतं. तपासायची रीत सोपी आहे. पातेल्यात पाण्यात टांगून ठेव आणि खालून आच दे. बहुतेक थर्मोस्टॅट 80 अंशांच्या जरा वर उघडायला लागतात आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडतात.

एवढं सगळं ठीक निघालं की मग रेडिएटरकडं वळ. गाडी चांगली तापवून उभी कर आणि टेम्परेचर गन जाळीवरून वरून खाली, डावीकडून उजवीकडं फिरव. मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या क्षारानं बुजल्यात. वरच्या आणि खालच्या टाकीत खूपच मोठा फरक दिसला तर पाणी सावकाश फिरतंय. जवळजवळ फरकच नसेल तर पाणी फिरतंय, पण वारा जाळीतून जात नाही. जाळीच्या मागं बॅटरी धरून पुढून बघ. उसाच्या गाडीत पाचटाचा भुसा आणि ऑइलचा चिकटा मिळून पात्यांच्या मधे जो थर बसतो, तो समोरून दिसत नाही, कारण तो आत असतो. कितीतरी रेडिएटर केवळ या थरापायी बदलले जातात. इंजिनच्या बाजूनं पुढच्या दिशेला, मंद दाबानं पाणी मार. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारलास तर पाती आडवी होतात आणि होता तेवढाही वारा बंद होतो. तुझ्या गाडीला पुढं इंटरकूलर असेल तर तो आणि रेडिएटर यांच्यामधली फट उघडून साफ केल्याशिवाय निकाल लावूच नकोस.

आता समजा, रेडिएटरच गेला आहे. जुना तांब्या-पितळेचा असेल तर तो लगेच भंगारात काढायचा नसतो. रेडिएटरवाला टाक्या उघडतो, नळ्यांत सळई मारतो, गळक्या नळ्या झाळून बंद करतो. दोन-चार नळ्या बंद झाल्या तर गाडीला कळतही नाही. पण पाती अंगठ्याच्या दाबानं भुग्यासारखी गळून पडत असतील, नळ्यांवर हिरवट-पांढरी भुकटी सगळीकडं असेल, एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं उघडत असेल, तर त्या जाळीत आता पैसा घालू नये. तिथंही संपूर्ण रेडिएटर घेण्याआधी नुसती जाळी बदलून मिळते का ते विचार. जुन्या टाक्या जाड पितळी पत्र्याच्या असतात. त्या सरळ असतील, तडे नसतील, तर त्याच टाक्यांना नवीन कोअर झाळून घेणं हा जुन्या गाडीसाठी माझ्या मते सगळ्यांत चांगला उपाय. बसवायच्या कानांची मापं जुळतात, पाईपची तोंडं जुळतात, काऊल जागेवर बसतं.

तांब्याचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा, हा प्रश्न तुला दुकानात पहिला विचारतील. यावर लोक खूप ठासून बोलतात, म्हणून नीट समजून घे. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण तांब्याच्या रेडिएटरात तांब्याची फक्त पाती असतात. नळ्या पितळेच्या असतात आणि पितळ याबाबतीत ॲल्युमिनियमच्या निम्म्यावर येतं. त्यात नळी आणि पातं यांच्यामधे शिशा-कथलाचा डाख असतो, तोही उष्णता अडवतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, त्यामुळं त्याच्या दोन ओळी तांब्या-पितळेच्या चार ओळींची बरोबरी करू शकतात. म्हणजे गार करण्याच्या बाबतीत चांगला बनवलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर कमी नाही, आणि वजनाला हलका. नवीन गाड्या त्यावर चालतात ते उगीच नव्हे.

तरीही तुझ्या गाडीला मी तांब्या-पितळेचाच सांगेन, आणि त्याचं कारण गारव्यात नाही, दुरुस्तीत आहे. पाटणला, चिपळूणला, कुठल्याही तालुक्याच्या गावी डाख देणारा माणूस अजून सापडतो. दगड लागून नळी फुटली तर तो दुपारपर्यंत गाडी रस्त्याला लावतो. ॲल्युमिनियमला साधा डाख लागत नाही. त्याला वेगळं वेल्डिंग आणि वेगळा हात लागतो. प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर टाकी रबराच्या सीलवर दाबून बसवलेली असते. ती जागा सुटली की आडगावात कुणीच काही करू शकत नाही. शिवाय जुन्या चासीला वाकण्या-पिळण्याची सवय असते. उसाच्या फडातून भरलेली गाडी बाहेर काढताना चासी पिळते, तो पीळ रेडिएटरच्या कानांपर्यंत जातो आणि तांब्या-पितळेला तो जास्त सोसतो. आणि पाणी. ॲल्युमिनियमला कूलंट कायम लागतो. विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी, ओढ्याचं पाणी असं जे मिळेल ते ओतणाऱ्या गाडीत ॲल्युमिनियम आतून खड्डे पडून गळतं. तू स्वतः गाडीवर असशील आणि कूलंटचा कॅन सोबत ठेवशील तर गोष्ट वेगळी. पण गाडी ड्रायव्हरच्या हाती जाणार, आणि रात्री दोन वाजता घाटात तो झऱ्याचंच पाणी ओतणार. त्याला दोष देता येत नाही.

मात्र तुझ्या गाडीला कंपनीनंच ॲल्युमिनियमचा दिलेला असेल आणि तो बसवण्याची जागा रबरावर तरंगती असेल, तर चांगल्या मेकचा तोच घे. जुगाड करून तांब्याचा जड रेडिएटर त्या नाजूक कानांवर टांगू नकोस.

जाळी निवडताना तीन गोष्टी बघ. पहिली म्हणजे समोरून दिसणारं क्षेत्र, उंची गुणिले रुंदी. ते जुन्याइतकं तरी हवंच, एक इंचही कमी नको. दुसरी, नळ्यांच्या ओळी. दुकानदार म्हणेल, तीनऐवजी चार ओळींचा घ्या, गाडी तापणारच नाही. चौथ्या ओळीला आधीच्या तीन ओळींनी तापवलेली हवा मिळते आणि जाळी जाड झाल्यानं पंख्याला वारा ओढायला जास्त कष्ट पडतात. पंखा, काऊल चांगले असतील तर चौथी ओळ थोडा फायदा देते, नाहीतर काहीच नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि ती कुणी बघत नाही. पट्टी धर आणि एका इंचात किती पाती बसली आहेत ते मोज. हायवेच्या स्वच्छ गाडीला 12-14 चालतात. दुकानात दाट पात्यांचा रेडिएटर देखणा दिसतो, आकडेही चांगले देतो. पण ऊस, विटा, मुरूम वाहणाऱ्या गाडीला इंचात 10 च्या आसपासच हवीत. वाळू चाळायला कोणी पिठाची चाळण घेत नाही. दाट जाळी पहिल्या महिन्यात उत्तम चालते आणि हंगामाच्या मध्यावर, गाडीला उसंत नसते तेव्हा, बुजते. विरळ पाती धुतली की साफ होतात. आपल्याला वर्षभर चालणारा गारवा हवा आहे.

एकाच मापाचे दोन रेडिएटर समोर असतील तर दोन्ही काट्यावर ठेवायला सांग. तांबं किलोवर विकत घेतात, त्यामुळं ज्यानं पत्रा पातळ केला त्यानं वजन कमी केलेलं असतं. रंगाकडं बघू नकोस. काळ्या रंगाचा जाड थर पात्यांमधे साचलेला असेल तर तोही वारा अडवतो.

आणि रेडिएटर इंजिन बघून घ्यायचा, पाटीवरचं मॉडेल बघून नाही. उदाहरणार्थ, 1613 म्हणजे एकूण 16 टनांची, 130 हॉर्सपॉवरच्या घरातली गाडी. पण वीस-पंचवीस वर्षांत तिच्यात काय काय बदललं असेल कुणास ठाऊक. 692 नंबरचं इंजिन 92 मिलिमीटर बोअरचं, 4.8 लिटरचं. 697 चं 97 मिलिमीटरचं, 5.7 लिटरच्या जवळ. त्यावर टर्बो आला की डिझेल जास्त, उष्णता जास्त. जुन्या 1210 चा रेडिएटर कानात बसतो म्हणून टर्बोच्या गाडीला लावलेला मी पाहिला आहे. पावसाळ्यात चालला, मार्चात मालकाला हेड उतरवावं लागलं. म्हणून इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर लिहून घे आणि जुना रेडिएटर गाडीत टाकून सोबतच ने. पुण्यात नाना पेठेत जा नाहीतर कोल्हापुरात उद्यमनगरला, नुसतं तोंडानं माप सांगून घेऊ नकोस. जाळीची उंची, रुंदी, जाडी, पाईपच्या तोंडांचा व्यास आणि बाजू, कानांमधलं अंतर, झाकणाच्या गळ्याची खोली, ड्रेन कॉक कुठं येतो, हे सगळं शेजारी ठेवून जुळव.

विकत घेण्याआधी तुझ्यासमोर टेस्ट करायला लाव. तोंडं बंद करून, पाण्याच्या हौदात बुडवून, 15 पौंडांच्या आसपास हवा देतात. घाई करू नकोस, दोन मिनिटं बघत उभा राहा. बारीक भोकाचा बुडबुडा सावकाश येतो. पक्कं बिल घे.

बसवण्याआधी इंजिन धुऊन काढ. ब्लॉकमधला गाळ आणि गंज तसाच ठेवून नवा रेडिएटर जोडलास तर तो सगळा गाळ पहिल्या आठवड्यात नव्या नळ्यांत जाऊन बसेल. थर्मोस्टॅट काढून, होज पाईप सोडून, उलट्या दिशेनं पाणी सोड आणि स्वच्छ येईपर्यंत सोडत राहा. होज पाईप आणि क्लिपा नव्याच टाक. कानांखालचे रबर नवे टाक. इंजिन माउंटिंगही बघ. ते दबलेलं असेल तर खड्ड्यात इंजिन पुढं झुकतं आणि पंखा नवी जाळी कापतो. पंखा आणि जाळी यांच्यात किमान इंचभर जागा हवी. पंख्याच्या पात्यांची निम्मी किंवा जरा जास्त रुंदी काऊलच्या आत हवी. काऊल नसेल तर बनवून घे. त्याच्याशिवाय पंखा स्वतःभोवतीचीच गरम हवा घुसळत राहतो आणि जाळीचे कोपरे कोरडे राहतात. पट्टा अंगठ्यानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा. इंजिनची अर्थिंगची वायर घासून, चकचकीत करून आवळ. अर्थिंग खराब असली की करंट पाण्यातून वाट काढतो आणि धातू खातो. मल्टिमीटरची एक काडी रेडिएटरच्या पाण्यात आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सगळे दिवे चालू कर. ॲल्युमिनियमला 0.1 व्होल्टच्या आत, तांब्या-पितळेला 0.3 च्या आत राहायला हवं.

झाकण ही क्षुल्लक वस्तू समजू नकोस. जुन्या गाड्यांना बहुधा 7 पौंडांचं असतं. दाबाचा प्रत्येक पौंड पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशानं वर नेतो, म्हणजे 7 पौंडांना दहा-अकरा अंश. महाबळेश्वरच्या उंचीवर, सुमारे 1,350 मीटरवर, उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. तिथं ढिलं झाकण लावून चढलेली गाडी काही बिघाड नसतानाही पाणी फेकते. झाकणात दुसरा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, गाडी गार होताना हवा आत घेणारा. सकाळी वरचा होज पाईप आत ओढलेला, चपटा दिसला तर तो अडकला आहे. जास्त पौंडांचं झाकण लावून उपाय करायचा मोह टाळ. जुन्या टाकीचा डाख त्या दाबाला केलेला नसतो.

पाण्याचं एवढंच सांगतो. बोअरचं नको. आरओचं, डिस्टिल्ड किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं घे आणि त्यात कूलंट घाल. कॅनवर जेवढं मिसळायला लिहिलंय तेवढंच मिसळ, आणि दोन रंगांचे एकत्र करू नकोस. आपल्याकडं गोठायची भीती नाही, पण कूलंट गंज आणि क्षार रोखतो, त्यासाठी तो हवा. वाटेत गळती लागली तर लोक हळद टाकतात. घरी पोचण्यापुरती ती चालते. पोचल्यावर तेच पाणी ठेवून पुढच्या खेपेला निघालास तर तीच हळद बारीक नळ्या बंद करते. ड्रायव्हरला बजावून सांग की तापलेलं झाकण उघडायचं नाही, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. काटा वर गेला की बाजूला घेऊन गाडी थोडी रेस ठेवून चालूच ठेवायची, म्हणजे पंखा आणि वॉटर बॉडी फिरत राहतात. पाणीच संपलेलं असेल तर मात्र लगेच बंद. घाटात वरच्या गिअरमध्ये घसटत चढवायची नाही. एक गिअर खाली टाकला की इंजिनचे फेरे वाढतात आणि त्यांच्याबरोबर वाराही.

हे काम दसऱ्याच्या आत उरक, एकदा कारखान्याची धुराडी पेटली की गाडी उभी करायला तुला कोणी देणार नाही. नवा रेडिएटर बसल्यावर पहिली खेप अर्ध्या लोडनं मार. परत आल्यावर, गार झाल्यावर, पाणी थोडं उतरलेलं दिसेल. आत अडकलेली हवा निघून गेलेली असते, तेवढं भर. क्लिपा पुन्हा एकदा आवळ. डाखाच्या कडांवरून कोरडं फडकं फिरवून ओल लागते का ते बघ. रेडिएटरपुढं बारीक जाळी बांध आणि फडातून निघताना रोज ती झाडायची सवय क्लीनरला लाव. आणि संपूर्ण नवा घेतलास तर जुना रेडिएटर बदल्यात देऊन मोकळा होऊ नकोस. जाळी भंगारात किलोवर वेगळी घाल, टाक्या मात्र माझ्याकडं आणून ठेव. तसल्या पितळेच्या टाक्या आता सहजासहजी मिळत नाहीत.